चादरींचं बेट

नीळकाकूंच्या दोन्ही हातांची बोटं पहिल्या पेरापर्यंत कायमची निळी झाली होती. पांढऱ्या कपड्याला शेवटच्या पाण्यात नीळ द्यायची ती हातानेच ढवळून, काठीने ढवळली की ठिपके पडतात, असं त्यांचं ठाम मत. कुणीतरी रबरी मोजे आणून दिले तेव्हा त्यांनी ते शेजारणीला भांडी घासायला देऊन टाकले. "बोटांना काय लग्नाला जायचंय?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून सगळ्या गल्लीने त्यांचं खरं नाव विसरून टाकलं, आणि त्यांनाही त्याची फारशी आठवण येत नसावी.

बसस्टँडसमोरच्या लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल धुणं हा काकूंचा धंदा. नवरा इस्त्री करायचा. काका बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. सकाळी अंगणातल्या तांब्याच्या मोठ्या हंड्यात सोडा घालून चादरी उकळायच्या, मग नदीवर नेऊन धोपटायच्या, खळखळत्या पाण्यातून काढायच्या आणि पिळायच्या. पिळायला काका एका टोकाला, काकू दुसऱ्या. इतक्या वर्षांत काकांना कोणत्या बाजूला पीळ द्यायचा हे कळलं नव्हतं. दोघंही एकाच दिशेने फिरवायचे, चादर ढिम्म, आणि काकू ओरडायच्या, "अहो, माझ्या उलट! एरवी तर सगळं उलटच करता, आत्ता काय झालं?"

पण चादरी पांढऱ्या व्हायच्या त्या सोड्याने नव्हे, निळीने नव्हे आणि काकांच्या पिळाने तर नव्हेच. त्या व्हायच्या बेटावर.

बेट म्हणजे नकाशात दाखवण्यासारखं काही नव्हतं. नदीच्या पात्रात, काकूंच्या घराखालच्या उतारासमोर, गोट्यांचा आणि वाळूचा एक उंचवटा. पावसाळ्यात पाण्याखाली असायचा. पूर ओसरला की बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा हळूहळू वर यायचा. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेलं की झालं. त्यावर ओली चादर पसरायची आणि चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवायचे. वरून ऊन, खालून तापलेले दगड. दोरीवर चादरीला मधोमध वळ पडतो, तो इथे पडत नाही. धूळ नाही, कोंबड्या नाहीत, दुसऱ्यांची पोरं नाहीत. दुपार कलायच्या आत चादर अशी कडक व्हायची की घडी घालताना पापडासारखी वाजायची.

दर वर्षी बेट नवं असायचं, ही त्यातली मजा. पूर सगळा संसार उलथापालथा करून जायचा. मागच्या वर्षीचं गवत, शेवाळ, गाळ, मेलेल्या फांद्या, सगळं झाडून न्यायचा, गोटे घासूनपुसून पुन्हा मांडून ठेवायचा. कधी बेट लांबट, कधी रुंद, कधी मधेच खळगा. पाणी उतरलं की काकू अनवाणी सगळं बेट फिरून यायच्या, नवीन भाड्याचं घर बघावं तशा. वरच्या टोकाला मोठे गोटे, तिथे उभं राहिलं तरी पाय दुखतात. खालच्या टोकाला नुसती वाळू, तिथे चादर टाकली तर लॉजमधल्या माणसाच्या पाठीला रात्रभर खाज. मधे मुठीएवढ्या गुळगुळीत गोट्यांचा पट्टा, तो खरा चादरींचा.

आणि बेटाच्या मागच्या अंगाला, काठाच्या बाजूने, एक निवांत पाण्याची पट्टी. वाहती धार बेटाच्या पलीकडून जायची. इकडचं पाणी गोट्यांमधून झिरपून यायचं, गार आणि काचेसारखं. निळीचा टब काकू त्याच पाण्याने भरायच्या. उन्हाळ्यात नदी आटत आली की माशांची बारीक पिल्लं तिथेच गोळा व्हायची, पायाला गुदगुल्या करायची. काकू त्यांना म्हणायच्या, "व्हा बाजूला, मला काम आहे."

नदीच्याच काठाला, पण खाली वळणावर, त्यांची धाकटी बहीण राहायची. तिचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, आणि मागचं दार उघडलं की नदीवर उतरणाऱ्या पायऱ्या. पुठ्ठे, कागदाचे रिमच्या रिम, डिंकाचे डबे, शिवायच्या सुया आणि लोखंडी दाबयंत्र यांच्या मधून वाट काढत माणसाने बसायचं. आता कागद आणि पुराचं पाणी यांचं किती जमतं हे सांगायला नको. पूर आला की धाकटीचा सगळा माल माळ्यावर चढायचा. पाणी कधी मागच्या खोलीत यायचं, कधी दुकानातल्या टेबलाच्या पायांना लागून परत फिरायचं. मग गाळ काढा, भिंती पुसा, फुगलेले पुठ्ठे रद्दीत घाला.

म्हणजे एकाच नदीचा एकच पूर, थोरलीचा कारखाना साफ करून द्यायचा आणि धाकटीचा घाण करून जायचा. त्यावरून दोघींची दर वर्षी जुंपायची, पण खेळीमेळीने. धाकटी म्हणायची, "तुझ्या बेटाला अंघोळ घालायची तर घाला, माझ्या घराला कशाला?" काकू म्हणायच्या, "मग वर राहायला ये की, कुणी अडवलंय?" धाकटी म्हणायची, "तुझ्या शेजारी? त्यापेक्षा पूर बरा."

मग नदीच्या वरच्या अंगाला धरण झालं आणि पूर येईनासा झाला.

वळणावरच्या गल्लीत आनंदीआनंद. धाकटीने मागच्या खोलीला नवा रंग काढला, तळाच्या फळीवरसुद्धा कागद रचला. पावसाळ्यात नदी जराशी फुगायची, गढूळ व्हायची, बेटाच्या कडा ओल्या करून निमूट परत जायची. पहिल्या वर्षी काकूंना काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी गोट्यांच्या फटीत गाळ बसला आणि गाळावर हिरवी लव आली. तिसऱ्या वर्षी झुडपं. पुढे झुडपं कमरेएवढी झाली, त्यांच्या मुळांनी आणखी गाळ धरला, गाळाने आणखी झुडपं धरली. मागच्या पाण्याच्या पट्टीवर बुळबुळीत शेवाळाची साय आली. पिल्लं दिसेनाशी झाली, डास मात्र भरपूर. चादर पसरायला जेमतेम चार चादरींची जागा उरली, आणि तिथेही चादर उचलावी तर खाली मुंग्या, वर चिकटलेलं बी आणि मधे हिरवा डाग.

लॉजच्या बाई स्पष्टवक्त्या होत्या. त्यांनी एक चादर टेबलावर पसरली आणि डागावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"शेवाळ," काकू म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांना कधी जमलं नाही.

"माझं गिऱ्हाईक असल्या चादरीवर झोपेल का? तुम्ही झोपाल का?"

"मी दिवसभर राबते, मी दगडावरही झोपेन."

"काकू, हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या पावसाळ्यानंतर हेच राहिलं तर मी धुलाईचं मशीन घेणार. सुकवायच्या सोयीसकट."

ही तंबी होती, आणि काकूंना ती कळली. या चादरींवरच त्यांचं घर चाललेलं होतं. अंगणात दोऱ्या बांधून पाहिल्या, पण समोर पिठाची गिरणी. दिवसभरात पांढऱ्या चादरीवर पिवळसर थर. गच्ची घरमालकाची आणि घरमालकाची कबुतरं गच्चीवर. बेटाशिवाय दुसरी जागा नव्हती.

पूर यावा असं त्यांना वाटायचं, पण हे बोलायचं कुणापुढे? एकदा धाकटीकडे चहा पिता पिता तोंडातून निघून गेलं, "एखादा चांगला पूर यायला हवा गं."

धाकटीने सुई खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन?"

"चहात साखर कमी आहे, असं म्हणाले."

धाकटी हसली नाही. बरेच दिवस बोललीही नाही.

दोघींच्या मधे होती ती धाकटीची सून. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सुट्टीच्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभी राहून दगड उलटे करायची, खाली चिकटलेल्या अळ्या आणि किडे ब्रशने बशीत घ्यायची आणि मोजायची. धाकटीला वाटायचं, सुनेला काहीतरी झालंय. काकूंना ती आवडायची, कारण बाईमाणूस पाण्यात उभं राहायला लाजत नाही हे त्यांना बरं वाटायचं.

सून म्हणाली, "मावशी, तुमचं बेट आजारी आहे. दगडांमधल्या फटी बुजल्यात. मासे तिथेच अंडी घालतात, किडे तिथेच राहतात. नदीला अधूनमधून दणका लागतो, मग ते दगड हलतात, फटी मोकळ्या होतात."

"म्हणजे पूर."

"पूर. पण सासूबाईंपुढे म्हणू नका."

"म्हणून झालंय."

त्या हिवाळ्यात काकूंनी ठरवलं, पूर येत नाही ना, मग मीच पूर! कुदळ घेतली, फावडं घेतलं, काकांना घेतलं. झुडपं मुळासकट उपटली. लोखंडी दाताळ्याने गोटे खालीवर केले. कंबर धरली, हाताला फोड आले, पण बेटाचं टक्कल पुन्हा दिसू लागलं. इथवर ठीक होतं. मग काकूंची नजर ओंडक्यावर गेली.

बेटाच्या वरच्या टोकाला एक जुना, मोठा ओंडका रुतलेला होता. कोण्या जुन्या पुरात आलेलं अख्खं झाड, फांद्या झडलेल्या, मुळांचा झुबका प्रवाहाकडे. काकूंच्या चादरी वाऱ्याने उडून त्यात अडकायच्या, फाटायच्या. शिवाय हंड्याखाली जाळायला लाकूड लागायचंच, आणि हे तर दारात आलेलं.

सून दगड उलटे करत होती. तिने करवत पाहिली आणि ओरडली, "मावशी, तो राहू द्या! त्याच्या आडोशाला पाणी मंद होतं, म्हणून तर वाळू-गोटे मागे बसतात. बेट त्याच्याच पाठीमागे वाढलंय."

"तुला काय त्यावर पोपट पाळायचेत?"

"मी खरंच सांगतेय."

"अगं, एवढं मोठं बेट एका लाकडाच्या जिवावर? उद्या म्हणशील घर चुलीच्या जिवावर उभं आहे."

"आपलं तर तसंच आहे," काका म्हणाले. काका बोलले याचंच सगळ्यांना इतकं आश्चर्य वाटलं की ते काय बोलले इकडे कुणी लक्ष दिलं नाही. ओंडका कापला गेला. हिवाळाभर हंड्याखाली धडधडून जळला. चादरी पुन्हा पांढऱ्या झाल्या, लॉजच्या बाई गप्प झाल्या, आणि काकू गल्लीत असं चालू लागल्या जणू नदी त्यांनीच खणली होती.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या मुलखात इतका पाऊस झाला की धरणालाही पाणी धरवेना. दरवाजे उघडणार, खालच्या गल्लीने घरं सोडावीत, असा पुकारा भर दुपारी गाडीवरून झाला. काका हातगाडी घेऊन धाकटीकडे गेले. चार खेपांत रिम, पुठ्ठे आणि शिवायला घेतलेल्या वह्या वर आल्या आणि इस्त्रीच्या टेबलांवर रचल्या गेल्या. तळाच्या फळीवरचे पुठ्ठे मात्र राहिले. शेवटच्या खेपेला धाकटी स्वतः डिंकाचा डबा पोटाशी धरून आली, आणि कित्येक महिन्यांनी बहिणीच्या उंबरठ्यावर उभी राहिली.

"ये," काकू म्हणाल्या.

"येणारच. दुसरीकडे कुठे जाऊ?" तिने डबा ठेवला. "खरं सांग, मनातून खूष आहेस ना?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "आहे. आणि तुझ्या पुठ्ठ्यांचं वाईटही वाटतंय. दोन्ही खरं आहे."

"निदान कबूल तरी केलंस." धाकटी कागदांच्या ढिगावर बसली. "चहा कर. आणि साखर नीट घाल, मला तुझ्यासारखी सबब सांगायला लावू नकोस."

दोघी खिडकीत बसून नदी बघत राहिल्या. पाणी तपकिरी, फेसाळ, अख्खी झाडं घेऊन चाललेलं. सून दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन पाणी कुठवर चढलं ते बघून यायची आणि सासूला चढलेलं कमी करून सांगायची. धाकटीला ते कळत होतं.

पाणी उतरलं. ऊन पडलं. नदी खाली खाली जात राहिली, आणि काकू रोज सकाळी उतारावर उभ्या राहून म्हशीची पाठ वर यायची वाट बघू लागल्या. पाठ येईना. दोन्ही काठ उघडे पडले, पलीकडचे खडक उघडे पडले, पण घराखाली नुसती सपाट, पसरट, गुडघाभर धार खळखळत होती. बेट नव्हतं. मागची निवांत पट्टी नव्हती. काहीच नव्हतं.

काकू पाण्यात उतरल्या, पायांनी चाचपून आल्या. मग काठावर बसल्या. सून येऊन शेजारी उभी राहिली.

"बोल," काकू म्हणाल्या. "'मी सांगितलं होतं' म्हण. म्हणून टाक, म्हणजे सुटलो."

"मला वाटलं होतं थोडंफार झिजेल," सून म्हणाली. "सगळंच जाईल असं मलाही वाटलं नव्हतं."

"हंड्याखाली जाळलं गं मी. बेट हंड्याखाली जाळलं."

काकू रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्या दिवशी त्यांनी धोपाटणं उचलून घरात नेलं आणि कपाटामागे उभं केलं, आणि काकांनी न विचारता चहा केला. लॉजच्या बाईंना काय सांगायचं याचीच जुळवाजुळव चालली होती. मशीन आल्यावर घरी बसून करायचं काय, हाही प्रश्न होता. काकूंना बसता येत नसे.

दुसऱ्या दिवशी सून धावत आली. धाप लागलेली, केस मोकळे, पाय चिखलाचे.

"मावशी, चला. आत्ताच्या आत्ता."

"कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही. बेट सापडलं!"

बेट वळणावर होतं. काकूंच्या घराखालून निघालेले गोटे आणि वाळू पुराने लोटत लोटत नेली होती, आणि वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाण्याचा जोर मोडतो, तिथे सगळा माल उतरवला होता. तोही नेमका धाकटीच्या मागच्या पायऱ्यांसमोर. स्वच्छ, गोरं, टकलं बेट. काकू त्यावर चढल्या आणि अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. वर मोठे गोटे, खाली वाळू, मधे मुठीएवढ्या गोट्यांचा पट्टा, आणि तो पूर्वीपेक्षा रुंद! मुख्य धार आता बेटाच्या पलीकडून चालली होती आणि पायऱ्या व बेट यांच्या मधे गार, नितळ पाण्याची पट्टी आडवी पडली होती.

सुनेने एक दगड उलटा केला. खाली काहीच नव्हतं, धुऊन पुसून लख्ख. "येतील," ती म्हणाली. "वरून वाहत येतील, उडत येतील. फटी मोकळ्या आहेत, घरं तयार आहेत."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. धाकटी हातात फावडं, अंगभर गाळ, कपाळावरही गाळ.

"माझ्या दारात काय करतेस?"

"माझं बेट तुझ्या दारात आलंय."

"तुझं? नदीने माझे निम्मे पुठ्ठे नेले आणि हे ठेवून गेली. माझं आहे."

"बरं, तुझं. मला वाळवायला दे."

धाकटीने फावडं भिंतीला टेकवलं. "माझ्या मागच्या दारात लॉजवरच्या परक्या माणसांच्या चादरी? येणारे-जाणारे काय म्हणतील? आणि तुझा तो सोड्याचा फेस? इतक्या वर्षांनी माझ्या पायऱ्यांशी असं पाणी आलंय की तळ दिसतो. तू त्यात साबण ओतणार!"

"नाही ओतणार."

"तू नाही ओतणार म्हणालीस की मला भीती वाटते."

सून मधे पडली. धुणं, धोपटणं, साबण काढणं जुन्या जागीच करायचं. तिथे धार जोरात आहे. इथे फक्त पिळलेल्या चादरी आणायच्या आणि पसरायच्या. निळीसाठी पाणी बादलीने उचलून न्यायचं, टब पट्टीच्या काठाला आणायचा नाही. कारण थोड्याच दिवसांत त्या पट्टीत पिल्लं येणार, आणि एक बादली साबणाचं पाणी त्यांना पुरेसं आहे.

"म्हणजे ओल्या चादरी डोक्यावर घेऊन मी इतक्या लांब?" काकू उसळल्या. "वाळवण्याआधी मीच वाळेन."

"हातगाडी आहे," काका म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले कुणालाच कळलं नव्हतं.

काकूंनी काकांकडे पाहिलं, बेटाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. आयुष्यात दुसऱ्याच्या अटी त्यांनी फारशा मानल्या नव्हत्या. "कबूल," त्या म्हणाल्या. "अजून काय?"

"अजून," धाकटी म्हणाली, "माझे भिजलेले पुठ्ठे आधी वाळणार. चादरी नंतर."

"पुठ्ठे दगडावर वाकडे होतील."

"मला शिकवू नकोस. वर फळ्या आणि गोटे ठेवणार."

"मग वरच्या अंगाला टाक, मधला पट्टा माझा."

"बेट कुणाचं, हे आत्ताच ठरलं ना?"

दोन दिवस बेटावर पुठ्ठे वाळले. तिसऱ्या दिवशी काकांनी हातगाडी पायऱ्यांच्या तोंडाशी आणली, चादरी खांद्यावरून पलीकडे नेल्या, आणि काकूंनी पहिली चादर झटकून मधल्या पट्ट्यावर पसरली. चार कोपऱ्यांवर चार गोटे. मग दुसरी, मग तिसरी. जागा सरता सरेना. शेवटची चादर उरलेल्या पुठ्ठ्यांच्या इतकी जवळ आली की तिची कड एका पुठ्ठ्यावर चढली.

मागच्या दारातून आवाज आला, "कड काढ माझ्या पुठ्ठ्यावरून!"

काकूंनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या वाकल्या, हळूच तो पुठ्ठा वीतभर पलीकडे सरकवला, चादर नीट ताणली आणि कोपऱ्यावर चांगला जडसा गोटा ठेवला. ऊन मोठं छान होतं. चादर वाजू लागली होती.